हेड्याची सून

१४ मे २०२१, मिरज

दात! मामांचेच दात बघितले आज!

ज्या माणसानं खरसुंडीपासून सांगोल्यापर्यंत सगळ्या बैलबाजारांत जन्मभर दुसऱ्याच्या बैलाचा ओठ वर करून "चार दाती हाय, सहा दाती सांगू नगोस" म्हटलं, जनावरांचे सौदे करणाऱ्या त्या तातोबा हेड्याचाच ओठ आज डॉक्टर मॅडमनी बोटानं वर केला! माझा सासरा, आणि खुर्चीत डोकं मागं टाकून, तोंडाचा आ करून! मला असलं हसू आलं – मास्क होता म्हणून वाचले.

मग मॅडमनी बॅटरी लावली. वरच्या दोन दाढा हलत होत्या. टाळूवर काळा डाग. रुपयाएवढा. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि हसू गेलं कुठच्या कुठं.

"करोना होऊन किती दिवस झाले?"

"एप्रिलात झाला. चांगले बरे होऊन घरी आलते की!"

"साखर?"

"कधीच नव्हती. करोनात दिलेल्या गोळ्यांनी वर आली म्हणे."

मॅडमचं नाव गुट्टे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. डोळ्यांखाली काळं, झोप नाही बिचारीला. म्हणाल्या, काळी बुरशी आहे. नाकातून शिरते, मग टाळू, डोळा, मेंदू. गालाची नस तिनं धरलीय म्हणून गाल बधिर.

मी म्हटलं, "बुरशी तर भाकरीला येते."

"मग भाकरीचं काय करतेस?"

"तेवढा तुकडा मोडून टाकते."

"तेच करायचंय," म्हणाल्या.

मामा खुर्चीत बसून ऐकत होते. मला म्हणाले, "चल घरला. दाढदुखी हाय. लवंग धरतो."


१५ मे

दाखल केलं. एका पेशंटजवळ एकच माणूस राहू देतात. बिरूला औषधापायी गावोगाव पळायचंय, आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, करोना अजून पुरता गेलेला नाही, त्या घरी बैलांजवळ. राहिले कोण? मी! तीन महिन्यांची नवी सून. (नवऱ्याला समोर 'अहो' म्हणते. इथं बिरूच लिहिणार. इथं कोण बघतंय!)

सिस्टर आली. "आजोबा, दुखतंय किती? एक ते दहात सांगा."

मामा म्हणाले, "दोन."

सिस्टरनं दोन लिहिलं आणि गेली.

अगं बाई, तो हेड्याचा दोन आहे! हेडी कधी तोंडानं भाव सांगतात होय! रुमालाखाली हात हातात घ्यायचा, बोटं दाबायची. एक बोट, दोन बोटं, पंजा. बघणारे नुसते रुमाल हललेला बघतात. आणि पहिला आकडा तर कुणाचाच खरा नसतो. विकणारा दुप्पट दाबतो, घेणारा निम्मा.

सिस्टरच्या मागं पळत जाऊन सांगितलं, "दोनाचे चार करा. नाहीतर पाच."

"तुला कसं कळलं?"

काय सांगू हिला! लग्न झाल्यावर बिरूनं शिकवलं मला. घर माणसांनी भरलेलं, बोलायची सोय नाही. मग जेवताना टॉवेलखाली बोटं. काय काय सौदे व्हायचे ते इथंसुद्धा लिहीत नाही!


१६ मे

पहिलं अँफो चढवलं, बुरशीवरचं औषध. सगळे अँफोच म्हणतात, पूर्ण नाव डॉक्टरलाच येतं. मामा थंडीनं असे खडखडले की खाट सरकली. तीन चादरी घातल्या, वर माझी शाल. तरी म्हणतात, "काय न्हाय. वारं आलं."

मे महिन्यात!


१७ मे

शेजारच्या खाटेवर कडेगावचे माळी गुरुजी आहेत. त्यांचा उजवा डोळा मागच्या आठवड्यात काढला. माणूस गोड. मला म्हणतात, "शाळा किती झाली?"

"दहावीला दोनदा बसले. बाक आवडायचा."

गुरुजी पोट धरून हसले. मग मी सलाइनच्या दांड्याला मास्क लावला, गुरुजींचा चष्मा लावला, वर टोपी घातली. गुरुजी उठले आणि त्याला म्हणाले, "नमस्कार डॉक्टर!" सगळा वॉर्ड हसला. मामाही हसले – पण उजव्या बाजूनंच. डावी बाजू तशीच. वितळून बसलेल्या मेणबत्तीसारखी.

बिरूचा फोन सोलापुरातून. अँफोच्या चार बाटल्या मिळाल्या. चारात काय होतंय? रोज लागतात. आवाज बसलेला त्याचा. मी म्हटलं, "जेवलात का?" म्हणाला, "हो." तोही हेड्याचाच पोरगा. म्हणजे नाही जेवला.


१९ मे

मॅडम रोज विचारतात, "आजोबा, डाव्या डोळ्यानं दिसतंय ना?" मामा म्हणतात, "झक्कास." "एकाचं दोन दिसतं का?" "छ्या!" पापणी अर्धी खाली आलेली, डोळा सुजून लाल. पण बोलणं असं की जणू बाजारातला सगळ्यात पाणीदार बैल हेच!

मला खात्री वाटेना.

दुपारी मामा बसले होते. उजव्या बाजूला भिंत. मी डाव्या बाजूला स्टुलावर बसले आणि त्यांच्याकडं बघून जीभ काढली. मोठी! सासऱ्याला! घरी असं केलं असतं तर पायातलं पायताण उडत आलं असतं. काही नाही. मग नाकावर बोट ठेवून डुकराचं तोंड केलं. काही नाही. हात हलवले, डोळे फिरवले, माकड झाले. गुरुजी लांबून बघत होते, त्यांनाही काय कळेना.

मामा समोर बघत बसलेले. शांत. म्हणाले, "रेश्मे, हाईस का गं तिथं?"

"हाय की मामा."

"मग बोलत का न्हाईस? तू गप बसलीस की जीव घाबरतो."

जीभ आत घेतली.

मला बघायला आले होते ते आठवलं. सगळे मला प्रश्न विचारत होते, स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का. हे एकटेच गप्प, नुसते न्याहाळत होते. मी म्हटलं, "पावणं, दात बघायचं का?" आणि ई करून दाखवले! आमच्या आईनं कपाळाला हात लावला. मामा एवढे हसले, एवढे हसले, की टोपी पडली. म्हणाले, "झाला सौदा. हीच पोरगी."

तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघितलं होतं मला.


२० मे

सांगितलं मॅडमना. राऊंडच्या वेळी, सगळ्यांसमोरच तोंडातून निघून गेलं – "मामांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. ते खोटं सांगतायत."

मॅडमनी उजवा डोळा झाकला आणि समोर बोटं धरली. "किती?"

मामांनी अंदाज टाकला. "तीन."

एक होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "आजोबा, लपवलंत तर मी कशी वाचवू?" आणि लगेच फोन करायला गेल्या. स्कॅन, भूल देणारे डॉक्टर, सगळी पळापळ.

मामा माझ्याकडं वळले. एवढ्या हळू आवाजात बोलले की ओरडले असते तर बरं झालं असतं.

"भर बाजारात माझ्या जनावराची खोड सांगितलीस. तीबी माझ्याच घरातली असून."

हेडी लोकांत याहून मोठी शिवी नाही. बशा बैल असू दे, मारका असू दे, आंधळा असू दे – घरातल्यानं सांगायचं नसतं. बिरूच्या चुलत्यानं एकदा सांगितलं होतं, तर बारा वर्षं दोन चुली बोलल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही काय जनावर हाय व्हय!"

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.


२१ मे

बोलत नाहीत. पाणी दिलं तर पितात. पेला परत देताना गुरुजींकडं देतात. गुरुजी तो मला देतात.


२३ मे

काल ऑपरेशन झालं. डावीकडचा वरचा जबडा काढला, दाढा, टाळूचा तुकडा. नाकातून नळी, तोंडात बोळे भरलेत. आता तर बोलणंच बंद. रागावले आहेत म्हणून की बोलता येत नाही म्हणून, ते कळायचीही सोय राहिली नाही!

तोंड पुसायला गेले. डाव्या गालाला पाणी लागलं तरी हलले नाहीत, उजव्या गालाला लागलं तर दचकले. मग मी उजवीकडूनच पुसते. कळलं तर पाहिजे ना, कुणीतरी पुसतंय म्हणून.


२५ मे

मॅडमनी मला आणि बिरूला बोलावलं. बिरू पुण्याहून सहा बाटल्या घेऊन सरळ आलेला, अंगाला घामाचा वास, डोळे तांबडे. मॅडम म्हणाल्या, बुरशी डाव्या डोळ्याच्या मागं पोचलीय. तो डोळा तसाही गेलाय. ठेवला तर मेंदूत जाईल, नाहीतर मागच्या मागं दुसऱ्या डोळ्याकडं. काढायला पाहिजे, उद्याच.

बिरू बापापुढं उभा राहिला. गडी रडायलाच लागला. त्याला बाहेर चहाला पाठवला.

मी टॉवेल घेतला. मामांच्या हातावर टाकला. सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा म्हणजे कसं – पण टॉवेल आहे की वर! टॉवेलाखाली सौदा असतो, नातं नसतं.

हात आत सारला. मला वाटलं झटकतील. झटकला नाही. मग बोटं धरली.

मी बोलत होते, ते दाबत होते.

"डावा डोळा काढायचा म्हणतात."

हात झटकला. नाही.

"त्यानं दिसत नाही मामा. मलाही ठाऊक, तुम्हालाही ठाऊक."

झटकला.

"मागनं मेंदूत जाईल ती."

हात ढिला पडला.

तेवढ्यात गुरुजी त्यांच्या खाटेवरून म्हणाले, "पावणं, मी एका डोळ्यानं पेपर वाचतोय. लई फायदा हाय. वाईट बातम्या निम्म्याच दिसत्यात."

मामांचं पोट हललं. हसले! बोळे भरलेले असताना!

मग त्यांनी माझं एक बोट धरलं. दाबलं नाही, नुसतं धरून ठेवलं. लहान पोर बाजारात धरतं तसं.

"एक? एक काय मामा? एक दिवस थांबायचं?"

मान हलवली. दुसरा हात वर नेला आणि उजव्या डोळ्याला लावला. आणि माझं ते बोट परत घट्ट.

एक राहील ना, म्हणत होते.

मी मॅडमना हेच विचारून आले होते. त्या म्हणाल्या होत्या, "पूर्ण प्रयत्न करू. खात्री मी तरी देणार नाही." हेच सांगायला पाहिजे होतं. पण ते बोट धरलेलं, आणि माणूस माझ्याकडं बघत होता – उरलेल्या एका डोळ्यानं. पाणीदार डोळा. अंधारात बैलाची चाल ओळखणारा.

मी त्यांचा सगळा पंजा माझ्या पंजात घेतला आणि दाबला. पंजा दाबला की सौदा पक्का. मग संध्याकाळी बैल मेला तरी मागं फिरायचं नसतं.

"राहील," म्हटलं.

मामांनी मान डोलावली. कागदावर अंगठा दिला.


२६ मे

काढला. आत्यांना फोनवर सांगितलं. बराच वेळ फोनमधून गोठ्यातल्या घंटा ऐकू आल्या. मग म्हणाल्या, "माणूस हाय नव्हं? बास."


३१ मे

अँफो चालू. रोज खडखड. रोज रक्त तपासतात, किडनी बघतात. पण ताप नाही! मॅडम आज पहिल्यांदा हसताना दिसल्या. दात छान आहेत त्यांचे. (हेड्याच्या घरात राहून माझीपण नजर तिकडंच जायला लागली!)


३ जून

चेहऱ्याची नस जागी व्हावी म्हणून मॅडमनी व्यायाम दिलेत. भुवया उचला, गाल फुगवा, शीळ घाला, ओठ काढा. मामांना लाज वाटते. पाच गावचा हेडी, लोकांपुढं ओठ काढणार!

मग मी स्पर्धाच लावली. सगळ्या वॉर्डाची. जो सगळ्यात वाईट तोंड करील त्याला माझ्याकडून शेंगदाण्याचा लाडू. गुरुजी पंच. कुणाचा जबडा नाही, कुणाचा डोळा नाही, कुणाचा अर्धा चेहरा झोपलेला – आणि सगळे बसून तोंडं वाकडी करतायत! सफाईवाल्या ताईसुद्धा झाडू सोडून आल्या. सिस्टर ओरडायला आली आणि हसायलाच लागली.

मामांनी खूप वेळ नाही केलं. शेवटी केलं. डावी भुवई हलली – केसाएवढी. पण हलली! मी बघितलं, गुरुजींनी बघितलं!

गुरुजी म्हणाले, "लाडू तातोबांना."

"त्यांना साखर हाय गुरुजी."

"मग मला दे."


५ जून

टाळूला प्लेट बसवली. कवळीसारखी, भोक बंद करते. आता पाणी नाकातून येत नाही. बोलता येतं, नाकात, पण कळतं.

आम्ही सगळे वाट बघत बसलो, काय बोलतात म्हणून. बिरू मोबाईल धरून. आत्या फोनवर.

मामा माझ्याकडं वळले. म्हणाले, "रेश्मे, आमटीत मीठ न्हाय."

रडले मी! मिठासाठी! एवढी रडले की गुरुजींनी त्यांचा रुमाल दिला.


७ जून

बिरू दुपारी हरण्याचा व्हिडिओ दाखवत होता. हरण्या आमचा खिल्लार खोंड. मामा मोबाईल उजव्या डोळ्याजवळ नेऊन बघत होते. म्हणाले, "मागचा डावा पाय जरा राखून टाकतोय. नाल बघा."

बिरूनं फोन करून विचारलं. खरंच नाल सैल झालेला.

बिरू हसला. बऱ्याच दिवसांनी. माझ्याकडं बघितलं. मग पाण्याच्या बाटलीवर टॉवेल टाकला आणि खाली हात पुढं केला. गप्प बसा म्हटलं, वॉर्ड आहे हा!


९ जून

आज मामा मला म्हणाले, "बस हितं."

बसले.

"त्या दिवशी खोड सांगितलीस."

मी खाली बघितलं.

"बरं केलंस." थांबले. प्लेटमुळं दम लागतो त्यांना. "हेडी लोकांत जल्माला यायला पायजे हुतीस. न्हाई – नगो. आमच्यात असतीस तर सांगितली नसतीस."

मग थोड्या वेळानं, "पण बाजारात परत करू नगोस हां. मी तुला न्हेणार हाय. पोळ्याच्या आदी. बाईमाणूस सौद्याला उभं ऱ्हायलं न्हाय आजवर. बघू दे की लोकांस्नी."

"मला बैलातलं काय कळतंय मामा!"

"डोळा माझा, हात तुझा. मला दिसंल ते सांगतो, तू दाब."

मॅडम म्हणतात, सगळं असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात घरी. आत्यांना सांगितलं, दारात रांगोळी काढू नका, मला काढायचीय. बैलाची काढणार. आत्या म्हणाल्या, "तुझा बैल म्हशीसारखा दिसतो." त्या बऱ्या झाल्या म्हणायच्या!


११ जून

जेवले, झोपले. डोकं जरा दुखतंय म्हणाले. किती, विचारलं.

"चार."

मी सिस्टरला आठ सांगितलं.


१२ जून

सकाळी ऊन खाटेवर आलेलं. मामा जागे होते. मग म्हणाले, "रेश्मे, लाईट गेली काय गं?"

पंखा गरागरा फिरत होता. गुरुजींनी पेपर खाली ठेवला.

मी उठले. भिंतीजवळ जाऊन पंख्याचं बटण बंद केलं.

"व्हय मामा," म्हटलं. "गेलीया."

मग चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता मॅडमकडं पळाले.